व्हिडिओ सीडी

व्हिडिओ सीडी (संक्षेप: व्हीसीडी) ही चित्रपट व अन्य दृकश्राव्य कार्यक्रम घरच्या दूरचित्रवाणी संचावर पाहण्यासाठी वापरली जाणारी, आता कालबाह्य झालेली प्रकाशीय तबकडी होय. ध्वनीसाठीच्या कॉम्पॅक्ट डिस्कच्याच आकाराच्या, १२ सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर ७४ ते ८० मिनिटांचे अंकीय चित्रण मावते. सोनी, फिलिप्स, मॅत्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये तिचे मानक ठरवले. ते 'व्हाइट बुक' या नावाने ओळखले जाते. अमेरिका व पश्चिम युरोपात या तबकडीला फारसा थारा मिळाला नाही. चीन, हाँगकाँग, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड आणि भारत येथे मात्र ती घरोघरी पोचली.

महाराष्ट्रात 'सीडी' हा शब्द बोलण्यात बहुधा याच तबकडीसाठी वापरला जाई. 'पिक्चरची सीडी' आणि 'लग्नाची सीडी' हे दोन शब्दप्रयोग साधारण २००० ते २०१० या दशकात कोल्हापूर, सांगली, सोलापूर यांसारख्या शहरांत सर्वतोमुखी होते. यांपैकी पहिल्या प्रकारातील बरेचसे साहित्य पुढे इतर माध्यमांत उपलब्ध झाले. दुसऱ्या प्रकारातील साहित्याची बहुतेक वेळा दुसरी प्रत नसते. ते आज कपाटांत पडून हळूहळू वाचनक्षमता गमावत आहे.

पूर्वपीठिका

तबकडीवर चित्रपट ही कल्पना व्हीसीडीच्या आधीची आहे. लेसरडिस्क ही ३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. तिच्यावरील चित्र अंकीय नव्हते, तर सदृश स्वरूपाचे होते. चित्राचा दर्जा चांगला असला तरी तबकडी मोठी आणि महाग होती, तिच्यावर घरी मुद्रण करता येत नसे, आणि भारतातील सामान्य ग्राहकापर्यंत ती पोचलीच नाही. भारतात घरगुती चित्रपटाचे माध्यम म्हणून १९८० च्या दशकात व्हीएचएस कॅसेट रुजली. गणेशोत्सवात किंवा सुट्टीत व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणून एकापाठोपाठ तीन चित्रपट पाहणे हा त्या काळचा ठरलेला कार्यक्रम होता.

१९८२ मध्ये ध्वनीची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. त्याच तबकडीवर चित्रही बसवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांनी एमपेग-१ या संक्षेपण पद्धतीने दिले. ही पद्धत १९९२ मध्ये मान्य झाली. फिलिप्सच्या सीडी-आय या यंत्रणेवर आणि जपानमधील कराओके तबकड्यांवर तिचे पहिले प्रयोग झाले, आणि त्यांतूनच व्हाइट बुकचे मानक आकाराला आले. चीनमधील वान यान या कंपनीने १९९३ मध्ये व्हीसीडी प्लेअर बनवला. त्या कंपनीला स्वतःला त्याचा फारसा लाभ झाला नाही. परंतु तिच्या मागोमाग चीनमध्ये निघालेल्या असंख्य कारखान्यांनी प्लेअरची किंमत इतकी खाली आणली की दक्षिण आणि आग्नेय आशियातील मध्यमवर्गीयांना तो सहज परवडू लागला.

तांत्रिक रचना

कॉम्पॅक्ट डिस्क ही १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती असते. तिच्या वरच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खळग्यांची एक अखंड सर्पिल रेषा असते. त्यावर ॲल्युमिनियमचा परावर्तक थर, त्यावर लाखेचे पातळ आवरण आणि त्यावर छापील चित्र असा क्रम असतो. सर्पिलाच्या दोन लगतच्या वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रॉन असते आणि सर्पिल उलगडले तर त्याची लांबी पाच किलोमीटरांहून अधिक भरते. प्लेअरमधील ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर हे खळगे खालून, म्हणजे पारदर्शक चकतीतून वाचतो.

ध्वनीच्या सीडीवरून दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट वाचले जातात. व्हीसीडीच्या निर्मात्यांनी हाच वेग कायम ठेवला, कारण त्यामुळे सीडी फिरवणारी व वाचणारी प्रचलित यंत्रणा जशीच्या तशी वापरता येणार होती. पुढची सारी रचना या एका निर्णयातून निघते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. संक्षेपण न करता हे चित्रण साठवायचे तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ४ लाख बिट लागतील. चित्रासाठी उपलब्ध होते केवळ ११.५ लाख. याचा अर्थ माहिती सुमारे २६ पटींनी आकसावी लागते. ध्वनीच्या वाट्याला २ लाख २४ हजार बिट येतात.

एमपेग-१ हे दोन मार्गांनी साधते. प्रत्येक चित्राचे लहान चौकोनांत विभाजन करून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे वगळले जातात. शिवाय प्रत्येक चित्र पूर्ण न साठवता, मागील व पुढील चित्राच्या तुलनेत काय बदलले एवढेच बहुतेक ठिकाणी नोंदवले जाते. वक्ता एका जागी बसून बोलत असेल तर ही युक्ती उत्तम चालते. लावणीतील गिरक्या, कुस्तीचा फड किंवा उधळलेला गुलाल आला की प्रत्येक चित्रात जवळजवळ सर्वच काही बदलते, ठरलेले बिट अपुरे पडतात आणि पडद्यावर चौकोन दिसू लागतात. कोल्हापुरातील लग्नाच्या वा जोतिबाच्या यात्रेच्या सीडी पाहताना अक्षतांच्या किंवा गुलालाच्या क्षणी चित्र हमखास फुटते, त्याचे कारण चित्रीकरण करणाऱ्याचे अकौशल्य नसून हे गणित आहे.

जागेची आणखी एक बचत व्हीसीडीत केलेली आहे आणि तिचे परिणाम आज अधिक जाणवतात. संगणकासाठीच्या सीडीवर प्रत्येक विभागात २०४८ बाइट माहिती आणि तिच्यातील चूक दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती असते. व्हीसीडीत ही दुरुस्तीची वरची पातळी काढून टाकून प्रत्येक विभागात २३२४ बाइट बसवलेले आहेत. त्यामुळे ज्या तबकडीवर संगणकाची ७०० मेगाबाइट माहिती मावते तिच्यावर व्हीसीडी स्वरूपात ८०० मेगाबाइटांहून अधिक चित्रण मावते. एखाद-दुसरा बिट चुकला तर चित्रात क्षणभर ठिपका दिसेल, बिघडणार काही नाही, असा हिशेब यामागे होता. नव्या तबकडीच्या बाबतीत तो बरोबरच होता. वीस वर्षे वापरलेल्या, ओरखडे पडलेल्या तबकडीला मात्र हा आधार उरत नाही.

एका तबकडीची मर्यादा ८० मिनिटांची असल्याने चित्रपट दोन तबकड्यांत विभागला जाई. लांबलेल्या हिंदी चित्रपटाला तीन लागत. तबकडी बदलण्याची जागा पुष्कळदा मध्यंतराच्या जवळपास येई. भारतीय चित्रपटाला मध्यंतराची सवय असल्यामुळे हा दोष येथे फारसा खटकला नाही. डाव्या आणि उजव्या ध्वनिमार्गांवर दोन स्वतंत्र ध्वनी ठेवण्याची सोयही होती. हाँगकाँगमध्ये तिचा उपयोग दोन भाषांसाठी, तर कराओकेत एका बाजूस केवळ वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूस गायन ठेवण्यासाठी होत असे. एकाच बाजूचा आवाज येत असल्याची तक्रार काही वेळा प्लेअरच्या बिघाडातून नव्हे, तर या सोयीतून उद्भवे.

भारतातील प्रसार

व्हीसीडीच्या चित्राचा दर्जा साधारण व्हीएचएस कॅसेटच्या तोडीचा होता, त्याहून फारसा वरचढ नव्हता. तरीही ती भारतात रुजली याची कारणे दर्जाबाहेरची आहेत. तबकडी छापणे फीत भरण्यापेक्षा स्वस्त आणि जलद होते. फीत यंत्राच्या शिरांवर घासून झिजते, तशी तबकडी झिजत नाही. दमट हवेत फितीला बुरशी लागते. चार महिने पावसाच्या प्रदेशात हा मुद्दा गौण नव्हता. त्यातच १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाला सीडी ड्राइव्ह जोडलेला येऊ लागला आणि वेगळा प्लेअर नसतानाही व्हीसीडी पाहता येऊ लागली.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस विक्रीस आली होती. तिचा ६५० नॅनोमीटरचा लेसर, अधिक दाट सर्पिल आणि एमपेग-२ संक्षेपण यांमुळे संपूर्ण चित्रपट एकाच तबकडीवर कितीतरी चांगल्या दर्जात बसत असे. तांत्रिकदृष्ट्या व्हीसीडी तेव्हाच मागे पडली होती. भारतात मात्र तिचा भरभराटीचा काळ त्यानंतर सुरू झाला. डीव्हीडीला जगाचे विभाग पाडणारे कुलूप होते आणि भारत पाचव्या विभागात मोडत असे. व्हीसीडीला विभाग नव्हते आणि नक्कल रोखणारी कोणतीही योजना नव्हती.

मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला. तोवर अधिकृत व्हीसीडीची किंमत शंभर रुपयांच्या आगेमागे असे. या किमतीत भाड्याने तबकडी आणणे आणि विकत घेणे यांतील फरकच पुसला गेला. चित्रपटाची तबकडी किराणा दुकानात, वृत्तपत्रांच्या टपरीवर आणि एसटी स्थानकावर मिळू लागली. भाड्याने तबकड्या देणाऱ्या व्हिडिओ लायब्ऱ्यांना याचा मोठा फटका बसला. पुढे बाजारच नाहीसा झाल्यावर मोझर बेअर स्वतःही टिकली नाही; २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला.

मराठी चित्रपट आणि कोल्हापूर

कोल्हापूर हे मराठी चित्रपटाचे जन्मस्थानांपैकी एक. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला. १९२९ मध्ये येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट याच शहरात तयार केला आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. पुढील काळात भालजी पेंढारकर यांच्या जयप्रभा स्टुडिओत 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) यांसारखे चित्रपट घडले. कोल्हापूरच्या स्टुडिओंतील कृष्णधवल चित्रपट चित्रपटगृहांतून उतरल्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांनी ते मुख्यतः दूरदर्शनवर आणि नंतर व्हीसीडीवर पाहिले. प्रभातच्या बोलपटांच्याही तबकड्या निघाल्या. दादा कोंडके यांचे 'सोंगाड्या' (१९७१), 'पांडू हवालदार' (१९७५) किंवा सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हे चित्रपट तर या माध्यमातून अक्षरशः पाठ झाले. आवडता प्रसंग पुन्हा पाहण्यासाठी फीत मागे गुंडाळत बसावे लागत नव्हते, हे त्याचे एक साधे कारण.

व्हीसीडीमुळे आणखी एक गोष्ट घडली. चित्रपटगृह किंवा दूरचित्रवाणी वाहिनी यांच्या मध्यस्थीशिवाय स्थानिक कार्यक्रम थेट बाजारात आणणे शक्य झाले. तमाशाचे वग, लावणीचे कार्यक्रम, शाहिरी पोवाडे, कीर्तने आणि एकपात्री प्रयोग यांच्या तबकड्या निघू लागल्या. कोल्हापुरात महाद्वार रस्त्यावर आणि वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर अंबाबाई व जोतिबाच्या गाण्यांच्या तबकड्या प्रसादाच्या साहित्याशेजारी विकल्या जात. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात स्थानिक हौशी मंडळींनी तयार केलेले विडंबनपट आणि खान्देशी बोलीतील विनोदी चित्रफिती अशाच मार्गाने पसरल्या. २००० मध्ये तयार झालेला नासिर शेख यांचा 'मालेगाव के शोले' हे त्याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण. या निर्मितीतील फारच थोडा भाग ग्रंथालयांत किंवा संग्रहालयांत दाखल झाला आहे. छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवण्याचे कायदेशीर बंधन असते. व्हीसीडीच्या बाबतीत स्थानिक प्रकाशकांवर तसा दबाव नव्हता, आणि वेष्टनावर पुष्कळदा वर्षही छापलेले नसे.

लग्नाची सीडी

लग्नाचे व्हिडिओ चित्रण कॅसेटच्या काळापासून होत होते. व्हीसीडी आल्यावर छायाचित्रकारांच्या स्टुडिओत संगणक आला. छायाकॅमेऱ्याच्या फितीवरील चित्रण संगणकात घेऊन त्यावर 'मिक्सिंग' केले जाई. मिक्सिंग म्हणजे संकलन, पार्श्वभूमीला चित्रपटगीते, बदामाच्या आकाराच्या चौकटी आणि फुलांतून उमलणारी वधूवरांची छबी. त्यानंतर दोन वा तीन कोऱ्या तबकड्यांवर ते चित्रण लिहून ग्राहकाला अल्बमसोबत दिले जाई. मूळ फीत बहुधा पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरली जात असल्याने ग्राहकाच्या हातातील तबकडी हीच एकमेव प्रत उरे. घरातील आजी-आजोबा चालताबोलताना दिसतात असे कित्येक कुटुंबांकडील एकमेव चित्रण आज याच तबकड्यांवर आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. दुकानातील चित्रपटाची तबकडी कारखान्यात साच्याने दाबलेली असते. तिचे खळगे प्लास्टिकमध्ये कायमचे उमटलेले असतात. स्टुडिओने लिहिलेल्या तबकडीत खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर असतो आणि लेखन करणारा लेसर त्यावर ठिकठिकाणी डाग पाडतो. हिरवट किंवा निळसर झाक असलेली खालची बाजू ही या तबकडीची ओळख. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हे रंगद्रव्य फिके पडते आणि डाग व कोरी जागा यांतील फरक लेसरला ओळखता येईनासा होतो. तबकडी वरून स्वच्छ दिसत असूनही 'चालत नाही', असा अनुभव यामुळे येतो. स्वस्त कोऱ्या तबकड्यांत ही झीज लवकर होते. वर चिकटवलेला कागदी लेबल किंवा बॉलपेनने लिहिलेली नावे हीसुद्धा वरच्या पातळ आवरणाला इजा करतात.

अनधिकृत नकला आणि कायदा

नकलेविरुद्ध कोणतीही तांत्रिक तटबंदी नसल्याने व्हीसीडीच्या भरभराटीबरोबरच अनधिकृत नकलांचा व्यापार वाढला. चित्रपटगृहात लपवून नेलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली 'थिएटर प्रिंट' प्रदर्शनानंतर काही दिवसांतच पदपथावर मिळे. प्रेक्षकांची डोकी आणि शिट्या तिच्यात फुकट येत. कमी भांडवलावर चालणाऱ्या मराठी निर्मात्याला याची झळ अधिक बसे, कारण त्याचा सारा व्यवसाय पहिल्या दोन-तीन आठवड्यांवर अवलंबून असे.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये कलम ५२-अ अन्वये व्हिडिओ प्रतीच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, प्रताधिकारधारकाचे नाव आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत असणे आवश्यक आहे. अधिकृत व्हीसीडीच्या मागील बाजूस दिसणारे ते अस्पष्ट प्रमाणपत्र याच तरतुदीमुळे छापलेले असते, आणि खरी-खोटी प्रत ओळखण्याची ती सोपी खूण होती. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये याहून कठोर पाऊल उचलले. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धच्या १९८१ च्या प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून त्याच्या कक्षेत दृकश्राव्य कलाकृतींच्या विनापरवाना नकला करणाऱ्यांचा समावेश केला. या कायद्यानुसार खटल्याविना जास्तीत जास्त एक वर्ष स्थानबद्ध ठेवता येते. चित्रपटांच्या नकला करणाऱ्यांना हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत बसवणे प्रमाणशीर होते का, हा प्रश्न वादाचा आहे. तबकडीचा व्यापार मात्र कायद्यापेक्षा मोबाइलच्या मेमरी कार्डाने संपवला. २०१६ मध्ये 'सैराट'च्या अनधिकृत प्रती पसरल्या त्या इंटरनेट, पेन ड्राइव्ह आणि मोबाइल यांवरून.

ऱ्हास

चीनमध्ये १९९८ मध्ये सुपर व्हिडिओ सीडी हे सुधारित मानक आले, पण भारतात ते फारसे दिसले नाही. डीव्हीडी प्लेअर स्वस्त होत गेले आणि ते व्हीसीडीही चालवत असल्याने जुन्या तबकड्या टाकून देण्याची गरज पडली नाही. २०१० नंतर उपग्रह वाहिन्या, पेन ड्राइव्ह घेणारे दूरचित्रवाणी संच आणि यूट्यूब यांनी तबकडीची गरजच संपवली. नवे लॅपटॉप सीडी ड्राइव्हशिवाय येऊ लागले. निरुपयोगी ठरलेल्या तबकड्या द्राक्षबागेत पाखरे हाकण्यासाठी टांगल्या गेल्या, गणपतीच्या सजावटीत लागल्या आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे परावर्तक म्हणूनही बांधल्या गेल्या. या शेवटच्या उपयोगाबद्दल सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सीडी आरशाप्रमाणे प्रकाश एकाच दिशेने परतवते. रस्त्यावरील परावर्तकाप्रमाणे तो आला त्याच दिशेने वाहनचालकाकडे पाठवत नाही. अंधारात तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

जतन

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातसह आरंभीच्या भारतीय चित्रपटांच्या अनेक मूळ फिती नष्ट झाल्या. काही चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फितींवर आधीच उतरवलेल्या होत्या. या घटनेनंतर कोणत्याही स्वरूपातील दुय्यम प्रतीचे मोल वाढले. तथापि व्हीसीडी ही चित्रपटाच्या जतनाची प्रत मानता येत नाही. ३५ मिलिमीटर फितीवरील तपशिलाचा अत्यल्प अंश तिच्यात उतरतो आणि संक्षेपणात गेलेला भाग परत मिळवता येत नाही. जेथे दुसरी प्रतच नाही, म्हणजे घरगुती समारंभ, स्थानिक लोककला आणि लहान प्रकाशकांचे कार्यक्रम, तेथे ती मूळ दस्तऐवज ठरते.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर व परिसरातील अनेक घरांत पाणी शिरले. पाण्यात बुडालेली तबकडी लगेच टाकून देऊ नये. पॉलिकार्बोनेटला पाण्याने फारशी इजा होत नाही. धोका असतो तो गाळाच्या कणांचा, आणि आवरणाच्या कडेतून आत शिरणाऱ्या ओलाव्याचा. अशी तबकडी स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धुऊन, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून, सावलीत वाळवावी. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा सर्पिलाच्या दिशेने जातो आणि सलग पुष्कळ माहिती पुसतो. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये. खालच्या बाजूचे उथळ ओरखडे टूथपेस्टने घासून घालवण्याचा घरगुती उपाय काही वेळा लागू पडतो, कारण तेथे प्लास्टिकची जाडी असते. छापील बाजूला मात्र परावर्तक थर लाखेच्या लगेच खाली असतो; तेथील ओरखडा दुरुस्त होत नाही.

संगणकात व्हीसीडी उघडल्यास 'एमपीईजीएव्ही' नावाच्या कप्प्यात 'डॅट' प्रकारच्या मोठ्या फाइली आढळतात. त्यांच्या आत साधे एमपेग-१ चित्रण असते आणि व्हीएलसीसारखी मुक्त आज्ञावली ते थेट दाखवते. ही फाइल पुन्हा संक्षेपित न करता केवळ तिचे बाह्य आवरण काढून एमपेग फाइल म्हणून जपावी; प्रत्येक पुनर्संक्षेपणात आधीच तोकडे असलेले चित्र आणखी बिघडते. नक्कल मधेच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर आणि कमी वेगाने वाचन करून पाहावे. एका ड्राइव्हला न वाचता येणारी तबकडी दुसऱ्याला, विशेषतः जुन्या डेस्कटॉपमधील ड्राइव्हला, पुष्कळदा वाचता येते.